मंद कॉम्प्युटर पाहिजे

डिचोलीतल्या आमच्या आळीत नवरा-बायकोचं सर्वांत शिस्तशीर भांडण गुणाजीच्या घरी होतं. गुणाजी आपलं म्हणणं मांडतो, शेवटी "जालें" म्हणतो आणि गप्प बसतो. मग शालनवहिनी बोलतात. त्यांचं "जालें" येईपर्यंत हा तोंड उघडत नाही. ही सवय खाणीवरची. तिथले वायरलेस सेट तो सांभाळायचा, आणि सेटावर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दुसऱ्याने मध्येच बटण दाबलं की दोघांचंही कोणाला कळत नाही. हा नियम विधानसभेला लावला असता तर आपलं राज्य कुठल्या कुठे गेलं असतं, असं त्याचं मत आहे.

मोबाइल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. खाणीला नवी चॅनेल मिळाली आणि जुनी बंद झाली. म्हणजे सगळ्या हातसेटांच्या पोटात नवा आकडा भरायला हवा. नवे मॅनेजर साहेब समारंभप्रेमी होते. त्यांनी सोपा मार्ग काढला: सुपरवायझरांना मोबाइल, सेट भंगारात, वायरलेसची खोली बंद. वर सेटांना निरोप देण्याचा कार्यक्रमही ठरवला. हार, नारळ, दोन शब्द.

"कार्यक्रमाच्या आधी सेट बोलले तर ठेवशात?" गुणाजीने विचारलं.

"बोलले तर ठेवू," साहेब हसून म्हणाले. ते बोलणार नाहीत याची त्यांना खात्री होती. सेटात आकडा भरण्याचा प्रोग्राम फार जुना, आणि तो चालवणारा कॉम्प्युटर मुंग्यांनी आतून वसाहत करून संपवला होता.

गुणाजीने हिशेबखात्याचा नवा कोरा कॉम्प्युटर वापरून पाहिला. पहिलाच सेट अर्ध्या वाटेत मुका झाला. मी म्हटलं, "अरे, हा तर सगळ्यात वेगवान आहे."

"थंयच घोळ, मास्तर! ह्यो प्रोग्राम म्हातारो. सेटाक प्रश्न विचारता आणि धा आकडे मोजीपर्यंत वाट बघता. जुनो कॉम्प्युटर सावकाश मोजता, तेवढ्यात सेट उत्तर देता. ह्यो नवो मेलो धा आकडे भुर्रकन मोजता आणि म्हणता, सेट मेलो!"

दुसऱ्या दिवसापासून तो गावभर विचारत फिरला, "तुमचो कॉम्प्युटर मंद आसा?"

माणसाला तुमचा मुलगा मंद आहे का विचारलेलं एक वेळ चालतं. एका पतपेढीत काउंटरसमोर लोक पासबुकं घेऊन पंख्याखाली पेंगत होते. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. तरी सचिव ताडकन उठले. "आमचो कॉम्प्युटर मंद? मंत्र्याच्या हातान उद्घाटन जालां ह्येचा!"

गुणाजीने त्यांना पूर्ण बोलू दिलं. ते थांबल्यावरही तो थांबून राहिला. सचिवांना "जालें" म्हणायचं असतं हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे दोघे बराच वेळ एकमेकांकडे पाहत उभे होते.

शेवटी पेडण्यात टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या देसाईबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "माझा इतका मंद आहे की बटण दाबून मी आत भात लावायला जाते. परत येते तोवर भात होतो, हा होत नाही."

गुणाजीने हात जोडले. मुलगी पसंत पडल्यावर बैठकीत जसा आनंद पसरतो, तसा त्याच्या तोंडावर पसरला.

कॉम्प्युटर आम्ही बसनेच आणला. म्हापशाला बस बदलायची, त्यात शुक्रवारचा बाजार. डबा गुणाजीच्या मांडीवर, पडदा माझ्या. शेजारच्या मिरच्यावालीने आपली पाटी पडद्यावर टेकवली आणि विचारलं, "टीव्ही मरे? बरो दिसता?"

"दिसना," गुणाजी अभिमानाने म्हणाला. "खूप मंद आसा."

तिने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

कार्यक्रमाच्या सकाळी वायरलेसच्या खोलीत बाईंचा कॉम्प्युटर घरघरत होता. गुणाजी एकेक सेट वायरला जोडे, प्रोग्राम रमतगमत मोजे, सेट रमतगमत उत्तर देई, आणि भरलेला सेट कोणीतरी आपल्या कामाच्या जागी घेऊन जाई. बाहेर मांडव, खुर्च्या, नव्या फोनांच्या डब्यांची आरास. साहेब बोलायला उभे राहिले आणि "जुन्याला निरोप देताना" एवढं म्हणेपर्यंत टेबलावरचा, हार घातलेला सेट खरखरला. पलीकडे ट्रक तोलणारा वजनकाट्यावरचा माणूस होता.

"काटो बोलता. गाडी सुटली. जालें."

लगेच जेटी बोलली. मग खाणीच्या वरच्या टप्प्यावरचा एक्स्कॅव्हेटर. मुका झालेला सेटही गुणाजीने पुन्हा भरला होता. तो तर सगळ्यांत मोठ्याने बोलला. ड्रायव्हर टाळ्या पिटू लागले. साहेबांच्या हातात नारळ होता आणि तो कुठेतरी फोडणं भाग होतं. त्यांनी तो खोलीत जाऊन देसाईबाईंच्या कॉम्प्युटरसमोर फोडला. साहेबांची छातीही बघता बघता फुगली. आपण सेट ठेवायचंच म्हणत होतो, असं भाषणाच्या शेवटी त्यांना आठवलं.

लोक पेढ्यांकडे आणि जेवणाच्या पंगतीकडे वळले. मी दोन पेढे घेऊन गुणाजीला शोधत खोलीवर गेलो. दार लोटलेलं होतं. आत तो सेट तोंडाशी धरून हळू आवाजात बोलत होता.

"मल्हारी, आयकतंस मरे?"

मल्हारी हा गडहिंग्लजकडचा माणूस. खाणीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपावर दिवसभर एकटा असतो. तिथे मोबाइलची रेंज पोचत नाही, आणि तो सुपरवायझरही नाही.

"ऐकतोय की ओ भाऊ! आवाजच न्हाई तुमचा. म्हटलं, इसरलासा काय आमाला."

"इसरतलंय कसो? जेवलंस?"

"न्हाई अजून. एकट्याला घास उतरत न्हाई बगा."

"सोड डबो. मी पण सोडतंय."

गुणाजीने सेट टेबलावर उभा ठेवला आणि समोर आपला डबा उघडला. बाहेर एवढी पंगत होती, तिकडे त्याने पाहिलंही नाही.

"आज बी वांगंच हाय भाऊ," मल्हारी म्हणाला. "तुमच्यात काय?"

गुणाजीने डब्यातल्या बांगड्याच्या कढीकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

"माझ्यातय वांगांच," तो म्हणाला. "जेव सावकाश."