थायरॉइडवाले दीर

आजारी पडायला कोणतीही पात्रता लागत नाही. बरे व्हायला मात्र लागते. फोटोंना फ्रेम करून देणाऱ्या एका दुकानाच्या थोरल्या मालकीणबाईंना हे जरा उशिरा कळले. त्यांची शुगर वाढली होती. काच कापताना पायात घुसलेल्या तुकड्याची जखम महिना उलटला तरी भरत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की आहारतज्ज्ञ गाठा, व्यायाम शिकवणारा कोणीतरी बघा, नाहीतर इंजेक्शन सुरू करू आणि मग पुढचे बोलू. ‘पुढचे’ म्हणताना ते पायाकडे बघत होते.

शोधमोहीम धाकट्या जाऊबाईंनी हाती घेतली. निकष शास्त्रीय होता : जो तज्ज्ञ लगेच भेटतो त्याला काम नसते, आणि ज्याला काम नसते त्याला काही येत नसणार. (चौकातल्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ ‘आत्ता या’ म्हणाल्या आणि तिथेच बाद झाल्या.) अखेर अशा एक बाई सापडल्या, की ज्यांचा फोन आठवडाभर लागलाच नाही. लागला तेव्हा पलीकडच्या मुलीने विचारले, “थायरॉइड आहे का? मॅडम फक्त थायरॉइड घेतात.”

“सध्या नाही,” धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, “पण प्रयत्न करू.”

तपासणी झाली. थायरॉइड ठणठणीत निघाला आणि घरावर अवकळा पसरली. थोरल्या बाईंना फार अपराधी वाटले. इतकी वर्षे संसार केला, पण वेळेला उपयोगी पडेल असा एक आजार जवळ ठेवला नाही.

मग धाकटीला आठवले की थायरॉइड तिच्याच नवऱ्याला आहे. ज्या दिरांना घरात कोणी भाजी आणायलाही पाठवत नसे, त्यांना त्या संध्याकाळी पंख्याखालची खुर्ची मिळाली.

व्यायामाचेही तेच. नावाजलेले ट्रेनर फक्त कंबरदुखी घेत, आणि कंबर दुखत होती यजमानांची. “तुझ्यासाठी जातो मी,” यजमान म्हणाले, आणि नवे बूट घेऊन आले.

व्यवस्था अशी ठरली : शुगर थोरल्या बाईंची, पथ्य दिरांचे, व्यायाम यजमानांचा. घर एकच असल्याने गुण कुठे ना कुठे लागणारच, असे गृहीत धरण्यात आले. थोरल्या बाई भल्या पहाटे उठून दिरांच्या भाज्या वाफवत, यजमानांची अंडी उकडत, आणि सगळ्यांचे उरलेले उभ्या उभ्याच खाऊन घेत, कारण अन्न टाकवत नसे. यजमानांचे डंबेल जिन्यावरून त्याच वर नेत. (कंबरेच्या रुग्णाला वजन उचलायची मनाई होती, व्यायामाची वेळ सोडून.)

तीन महिन्यांत कुटुंबाचे एकत्रित वजन अकरा किलोंनी घटले. थोरल्या बाईंचे वाढलेले दोन किलो धरूनसुद्धा. दिरांची हनुवटी कित्येक वर्षांनंतर पुन्हा दिसली. यजमान आरशासमोर कडेने उभे राहू लागले.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून चष्मा काढला. “पथ्य कोण करतंय?”

“सगळे करतात,” थोरल्या बाई म्हणाल्या. “मी सोडून.”

इंजेक्शन सुरू झाले. घरी येताना यजमानांनी विचारले, दुखतं का? घाबरले होते तेवढं नाही, त्या म्हणाल्या. यजमानांनी त्यांच्या हातातली औषधांची पिशवी घेतली. चार पावलांवर कंबर आठवली, तेव्हा परत दिली.

पुढच्याच आठवड्यात मॅडमच्या दवाखान्यातून दुकानात एका मोठ्या फ्रेमची ऑर्डर आली. फोटो दोन : ‘आधी’ म्हणून थोरल्या बाईंचा, ‘नंतर’ म्हणून दिरांचा, खाली ‘एकाच घरातील यशोगाथा’. थोरल्या बाईंनी स्टुलावर बसून, दुखरा पाय उचलून धरत, स्वतः काच कापली. एकदाही तिरकी गेली नाही.

तेव्हापासून दुकानात फ्रेमपेक्षा मॅडमचा पत्ता विचारणारेच जास्त येतात. पाय बघून कोणी काही विचारत नाही.

तुम्हीही हे सगळे वाचताना हसलात, हळहळलात, पण मनात एकच घोळत होते की मॅडमचा नंबर कुठे दिलाय. देऊ की. आधी सांगा, तुमच्या घरात थायरॉइड कोणाला आहे?