मावशी, मला रागवा

आमच्या शेजारचे शिरीषराव भर थंडीत बाल्कनीत झोपायचे.

मी मुलाकडे जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आले त्याच आठवड्यात सकाळी बाल्कनीचं दार उघडलं, तर पलीकडच्या बाल्कनीत बर्फात एक लांबडी लाल पिशवी पडलेली. पिशवीतून माणसाचं नाक बाहेर. नाकावरही बर्फ. माणूस गेला असं धरून मी मुलाला हाक मारायला वळले, तोच पिशवीची चेन उघडली आणि आतून आवाज आला, "नमस्कार मावशी. आज पोहे का?"

हे शिरीषराव. वय पन्नाशीचं, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, घरात एकटे. त्यांना धवलगिरी चढायचा होता. कुणी विचारलं, "एव्हरेस्ट का?" की त्यांच्या कपाळाला आठ्या. "धवलगिरी. तोही आठ हजार मीटरच्या वर आहे. त्याने कुणाचं काय वाईट केलंय?"

हे वोल्फ्सबुर्ग पोळपाटासारखं सपाट. म्हणून हे गृहस्थ पाठीवर पाण्याचे कॅन बांधून इमारतीचा जिना चढत-उतरत बसायचे. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ क्रूगर, म्हणजे क्रूगरबाई, दार उघडून विचारायच्या, लिफ्ट बंद आहे का. "नाइन, नाही, चालू आहे," म्हणून हे पुन्हा वर. सून म्हणाली, "लग्न केलं असतंत तर हे सुचलं नसतं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "म्हणूनच नाही केलं."

धवलगिरीला निघायच्या आधीच्या रविवारी दुपारी ते मोबाइल घेऊन आले. "मावशी, मला रागवा."

मी लाटणं हातात धरून उभीच राहिले. मला परक्या माणसाशी साधं बोलायचाही संकोच वाटतो.

त्यांनी समजावलं. फार उंचावर हवा विरळ असते. माणूस दमून जरा टेकतो, त्याला बरं वाटतं, झोप येते, आणि तो उठतच नाही. चहात साखर किती हवी हे सांगावं, तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. "तुमचं रागावणं मोबाइलवर रेकॉर्ड करतो. तसं झालं तर हे कानाला लावीन. मराठीतून कुणी रागावलं तर मी नक्की उठेन."

"घरचं कुणी...?"

"आई गेली. ऑफिसात कुणी रागवत नाही, मेल पाठवतात."

मी मोबाइलपाशी तोंड नेलं. "शिरीषराव, उठता का?"

"मावशी, एवढ्यावर मी कूस बदलून झोपेन."

बर्फात बसलेला एकटा माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मी ओरडले, "ऊठ मेल्या! ताट वाढून केव्हाची थांबलेय. मुकाट्याने खाली ये!"

फ्राऊ क्रूगरनी खालून छताला झाडू ठोकला. रविवारी इथे आवाज चालत नाही. शिरीषराव मात्र मान खाली घालून उभे होते.

उन्हाळा लागला तेव्हा ते परतले. नाक काळंठिक्कर, बोटांना पट्ट्या. शिखर राहिलं होतं.

मुलगा हळहळला. "एवढं करून थोडक्यात राहिलं?"

"दमून टेकलो होतो. वर शिखर दिसत होतं. मावशींचं लावलं आणि उठलो. पण त्या खाली ये म्हणाल्या होत्या."

इतक्या वर्षांची यांची तयारी, आणि मी हे काय बोलून बसले होते. "अहो, मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही जायचंत वर."

"वर कुणी ताट वाढलं नव्हतं, मावशी."

मी आमटीभात कालवून, चमचा घालून त्यांच्यापुढे ठेवला. पट्ट्यांमुळे चमचा धड धरवत नव्हता.

"किती उशीर केलास," मी म्हणाले.

"चुकलं," ते म्हणाले, आणि खाली मान घालून जेवायला लागले.