घरपरती एक

कोणतंही सार्वजनिक कार्य तडीस जातं ते आवतनाच्या जोरावर. आवतन नीट गेलं तर अळणी भाजीही खपून जाते, चुकलं तर पंगतीत वाढप्याचं खानदान निघतं. हे सत्य आष्टी तालुक्यातल्या बोरटेकडी गावात वासुदेवरावांइतकं कोणाला उमगलं नव्हतं. गावातली लग्नं, तेरव्या, बारशी, सगळ्यांची आवतनं तेच ठरवत.

आवतनाचे प्रकार दोन. पहिला घरपरती एक: प्रत्येक घरातून एकाने यायचं, तो जेवला की घर जेवलं. दुसरा चूलबंद: त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी यायचं. दुसरा महाग पडतो, म्हणून पहिल्याला गावात फार मान आहे.

तर गावाला कावीळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बी, या रोगाचं तपासणी शिबिर मंजूर झालं आणि स्वागत समितीचं अध्यक्षपद साहजिकच वासुदेवरावांकडे आलं. हा रोग रक्तातून पसरतो, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो, वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरत बसतो, पण एकत्र जेवल्याखाल्ल्याने होत नाही, असं शिबिराच्या डॉक्टरीणबाईंनी सभेत समजावून सांगितलं. वासुदेवरावांनी मान डोलावली (ते हार मोजत होते) आणि कोतवालाच्या हाती आवतन धाडलं. घरपरती एक.

शिस्तीत बोरटेकडीचा हात कोणी धरू शकत नाही. एकूण एक घराने प्रतिनिधी पाठवला. कापूस वेचणीचे दिवस असल्याने, ज्याच्यावाचून घरात काहीच अडत नाही असाच माणूस निवडण्यात आला. तपासलेल्यांत आजोबा साठ टक्के, मुक्कामाला आलेले पाहुणे तीस टक्के, आणि उरलेले घरात भांडून बसलेले होते. वासुदेवरावांकडून त्यांचे थोरले बंधू अण्णाजी गेले. अण्णाजी ऐंशीच्या पुढचे, कानाने कमी. शिबिरात चहा आहे एवढंच त्यांना ऐकू आलं होतं. त्यांच्या बोटातून थेंबभर रक्त काढलं, निकाल चांगला आला आणि वासुदेवरावांचं घर रोगमुक्त झालं.

विघ्न एकच आलं. टेम्पो चालवणारा निकेश पॉझिटिव्ह निघाला. समितीने तातडीची बैठक घेऊन त्याच्या घराला प्रतिनिधी बदलण्याची नम्र विनंती केली. घराने मावशी पाठवली, मावशी निर्मळ निघाली, आणि निकेशचा रोग बहुमताने रद्द झाला. (टपरीवर त्याचा ग्लास तेवढा वेगळा ठेवला. बहुमतालाही मर्यादा असतात.) लसीचे डोस तीन असतात हे कळल्यावर एका घरच्या तिघा भावांनी एकेक वाटून घ्यायचं ठरवलं, मागाहून कोणाच्या मनात राहायला नको. डॉक्टरीणबाई तेव्हा जरा बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

मग वेशीवर फलक लागला: 'शंभर टक्के कावीळमुक्त गाव'. खाली वासुदेवरावांचा फोटो.

वासुदेवरावांची सून सपना सातव्या महिन्यात होती. ती एका संध्याकाळी म्हणाली, “मामाजी, माही तपासणी राह्यली.”

“आपल्या घरची झाली ना, बाई. अण्णाजी गेलते.”

“लेकरू माह्या पोटात हाय मामाजी, अण्णाजीच्या नाई.”

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची ही तपासणी होते. पण कावीळमुक्त गावच्या सुनेने तिथे रांग लावायची म्हणजे गावाची शोभा. “तू काऊन भेऊन राह्यली?” म्हणत वासुदेवरावांनी तिला मायेने समजावलं. खरं तर भीती त्यांनाच वाटत होती. नातवंडाची वाटत होती, आणि थोडी जास्त फलकाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चहा मिळाला नाही. त्यांची बायको रुख्माबाई लुगडं बदलून दारात उभी होती आणि गॅस थंड होता.

“आज चूलबंद हाय,” ती म्हणाली. “सगळ्यायनं सावंगीले चालाचं. अण्णाजीले राहू द्या, त्यायचं झालं.”

ज्याने जन्मभर आवतनाचा मान राखला, तो चूलबंद कसं मोडणार? निकेशचा टेम्पो बोलावला आणि सगळं घर सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात गेलं. सपना निर्मळ निघाली. मुलगा धनंजय निर्मळ, रुख्माबाई निर्मळ. वासुदेवराव पॉझिटिव्ह.

त्यांनी निकालाचा कागद उलटसुलट करून पाहिला. मग हळूच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आमच्या घरचा प्रतिनिधी बदलता येते काय?”

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं: नियमित तपासणी करा, लागलं तर औषध आहे, दाढीचं ब्लेड वेगळं ठेवा, घरच्या बाकीच्यांनी लस घ्यावी, तिन्ही डोस, प्रत्येकाने. ग्लासाने काही होत नाही. परतताना वासुदेवराव टेम्पोत पुढे, निकेशशेजारी बसले.

टपरीवर आता वेगळे ग्लास दोन झाले. “ग्लासानं होत नाई म्हणते डॉक्टर,” वासुदेवरावांनी सांगून पाहिलं.

“निकेश बी तेच सांगे,” टपरीवाला म्हणाला.

वासुदेवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फलक काढा, असं त्यांनी समितीला सांगितलं. पण समितीने कागद तपासले. त्यांच्या घराचा प्रतिनिधी अण्णाजी, निकाल निर्मळ, ठरावावर सही खुद्द वासुदेवरावांची. त्यांचा रोगही रद्द झाला.

सपनाला मुलगी झाली. पहिल्या चोवीस तासांतच तिला लस टोचली. (अण्णाजी तिच्या वतीने टोचून घ्यायला तयार होते.) बारशाचं आवतन वासुदेवरावांनी चूलबंद धाडलं आणि मांडवाच्या तोंडाशी डॉक्टरीणबाईंचं टेबल लावलं: आधी बोट, मग बुंदी. त्या दिवशी बोरटेकडीत एकूण एक चूल पेटली आणि प्रत्येक घरातून एकेक आजोबा आले. ते सगळे आधीच तपासलेले होते.

बोरटेकडीला हसायला काही लागत नाही. तुम्हीही आत्ता घरच्या सगळ्यांच्या वतीने हसलात. तपासणीला तुमच्या घरातून कोण गेलं होतं?