पुलापर्यंत झालं की जातो

मी कापलेली बेशरम नाल्याच्या ओल्या काठावर नीट रचून ठेवली.

नीट म्हणजे फारच नीट. दांडे एका मापाचे, शेंडे एका बाजूला. ही जांभळट फुलांची बेशरम आमच्याकडं प्रत्येक नाल्यात माजलेली असते, आणि हे नाव तिला उगाच पडलेलं नाही. कापून फेकलेला दांडाही जरा ओल लागली की पुन्हा रुजतो. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, असं मी सांगत फिरतो. प्रत्यक्षात आमच्या नालासफाईत नामदेवभाऊ दर रविवारी ओरडत, "मुळं वर करून ठेवा, अन् कोरड्या मुरमावर!" मी ऐकत नव्हतो, इतकंच.

नामदेवभाऊ एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सगळी नोकरी तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याच्या गाडीवर गेली. त्यामुळं त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे जीव, तिकीटवाले आणि बिनतिकिटी. बेशरम बिनतिकिटी. तिच्या बुंध्याला हात घालून ते आधी तेलुगूत विनंती करतात, "दिगंडी, दिगंडी," म्हणजे उतरा. मग असा हिसका देतात की विनंतीला काही अर्थ उरत नाही. आणि काठावर आपसूक उगवलेलं जांभळाचं नाहीतर करंजाचं रोप दिसलं, की आवाज एकदम मऊ. "बसा बाई, बसा. खिडकीपाशी बसा." असं म्हणत त्याच्या भोवतीचं गवत बोटांनी काढत राहतात.

काम सुरू करायला ते तोंडानंच दोन घंट्या देतात, चहाला थांबायला एक. दोन घंट्यांआधी मी विळा उचलला, की "गाडी कुठची ते मालूम नाई अन् चढून राह्यले!"

भाऊंची पत्नी गेली तेव्हापासून मुलगा त्यांना कायमचं पुण्याला बोलावतोय. भाऊंनी त्याला शब्द दिला होता, नाला पुलापर्यंत साफ झाला की येतो. आम्ही पाचसहा जण दर रविवारी नेटानं खपलो आणि पूल अगदी जवळ आला. मात्र पूल जसा जवळ येत गेला, तशा भाऊंच्या चहाच्या घंट्या वाढत गेल्या. एक्स्प्रेसची साधी गाडी झाली.

मग दिवाळीची सुट्टी आली. परत जमलो तेव्हा मी रचलेल्या ढिगाला पालवी फुटली होती. एका रांगेत, एका उंचीची, हिरवीगार.

अंगणवाडीच्या शेवंताबाई कंबरेवर हात ठेवून माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "काऊन हो भाऊ, बेशरमच्याही कॉप्या काढल्या का? अन् त्याही एकदम साफ!"

माझं झेरॉक्सचं दुकान आहे.

नामदेवभाऊंनी ढीग पाहिला. "अर्‍या बापा! उतरवलेले पॅशेंजर तुमी मांगच्या दरवाज्यानं पुन्हा चढवले!" असं सगळ्यांदेखत गरजले आणि फोन घेऊन जांभळाच्या आडोशाला गेले. आडोसा नावालाच. आयुष्यभर शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जावं म्हणून बोललेला तो आवाज.

"हॅलो, बाळ्या? नाई रे, आता नाई जमत. एकानं कापलेली बेशरम ओल्या काठावर रचली, सारा नाला पुन्हा उगवला ना इथी! हो, सारा. पयल्यापासून करा लागते."

उगवली होती ती खाटेएवढी जागा. मी भाऊंच्या आवाजात चीड शोधली, सापडली नाही. शेवंताबाई उगाचच विळ्याची धार पाहत राहिल्या. मला वाटलं, चला, आपल्या हातून अजाणता का होईना, एक पुण्य घडलं. मी जरा ताठ उभा राहिलो.

असा घोळ घालणाऱ्या माणसाला येऊच कशाला देता, असं काहीतरी पलीकडून मुलानं विचारलं असावं.

"त्याले काऊन हाकलू?" भाऊ म्हणाले. "डोक्यानं जरासा कमी हाये बिचारा. पण एक रविवार चुकवत नाई."