गद्दाराचा रकाना

तुमच्या पक्षात एक गद्दार आहे आणि त्याचे नाव न कळवल्यामुळे अर्ज परत करण्यात येत आहे, असं पत्र आम्हाला निवडणूक कार्यालयाकडून आलं. चूक आमचीच होती. नोंदणी अर्जातल्या अकराव्या रकान्यात, ‘गद्दाराचे नाव’ यापुढे, आम्ही ‘निरंक’ लिहिलं होतं.

आम्ही सात संस्थापक, सगळे नुकतेच पदवीधर. नगरपालिका जिंकून गावातलं बंद वाचनालय उघडायचं, एवढ्यासाठी पक्ष काढला होता. पत्र आलं तो नोंदणीचा शेवटचा दिवस होता.

कार्यालयाच्या खिडकीवरच्या बोंद्रे मॅडमनी शांतपणे सांगितलं की गद्दार प्रत्येक पक्षाला लागतोच. पुढे शोधत बसण्यापेक्षा आधी नोंदवलेला बरा. आम्ही भूषणला पुढे केलं. तो बैठकीला वडापाव असला तरच यायचा.

मॅडमनी त्याला न्याहाळलं. “हा गेला तर तुमच्यापैकी कुणाची झोप उडेल?”

भूषणसकट सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या.

“मग हा गद्दार नाही. याला गळती म्हणतात.”

बाहेर पायऱ्यांवर बसून आम्ही चिठ्ठ्यांवर नावं लिहिली. सातही चिठ्ठ्यांवर रेवण निघाला. एक त्याच्याच अक्षरात होती. पक्षाची घटना त्याने लिहिली होती. शंभर सभासद त्यानेच दारोदार फिरून जमवले होते. थोडा विचार करू या, असं कुणीतरी म्हणालं. वेळ नाही, असं मी म्हणालो.

खिडकीवर परतून रेवणने सही केली. शाई वाळली तसा सगळ्यांना नियमाप्रमाणे त्याचा राग येऊ लागला. भूषणने तर त्याच्याकडे पाठ फिरवली. मला राग आला नाही. मी फक्त तसा चेहरा केला.

“वाचनालय जाहीरनाम्यात पहिल्या पानावर ठेव, मन्या,” रेवण मला म्हणाला. “मागे ढकलू देऊ नकोस.”

नोंदणीकृत गद्दाराला उत्तर द्यायचं नसतं. मी दिलं नाही. तो थोडा वेळ थांबला, मग जिन्याकडे गेला.

शिपाई मावशींनी आमच्या प्रमाणपत्रावर शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली आणि जिना उतरणाऱ्या रेवणकडे पाहिलं.

“चांगला माणूस दिलात हो,” त्या म्हणाल्या. “हल्ली इतका चांगला कुणी देत नाही.”