अंगठा वर की खाली?

"माझा पाय, आणि मलाच विचारता तो कुठे आहे?" तपासणीच्या टेबलावर आडव्या झालेल्या रंगाऱ्याने डॉक्टरांना सुनावलं.

"डोळे मिटून सांगायचंय, काका."

उभा जन्म शिडीवर गेला होता त्याचा. परवा एक पायरी हुकली, इतकंच! तर बायकोने उचलून इथे आणलं. आता या पोरसवदा डॉक्टरने शिडी बंद केली की दुकानांच्या पाट्या रंगवणं संपलं. मग घरी बसून काय, भिंती मोजायच्या?

डॉक्टरांनी दोन दांड्यांचा पोलादी काटा आपटून, तो झणझणत असतानाच त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर कळते?"

"कळते ना! केवढा आवाज करतोय!"

"कानांचं नाही विचारलं, काका."

बरं, तेही जाऊ दे. अंगठ्याची तयारी पक्की होती. आधीच्या पेशंटची परीक्षा दोघांनी पडद्याबाहेरून ऐकली होती. डॉक्टरांनी अंगठा धरून वर वाकवला की बायको एकदा खोकणार, खाली वाकवला की दोनदा.

खॉक.

"वर!"

खॉक, खॉक.

"खाली!"

पैकीच्या पैकी! रंगारी मिटल्या डोळ्यांनी फुशारला. आणि नेमका तेव्हाच बायकोला खराखुरा ठसका लागला.

"वर! खाली! वर, वर, खाली... अहो, जरा दमानं! अंगठा आहे की पंप?"

संतापून त्याने डोळे उघडले. डॉक्टर कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धूत होते.

"स्पर्श, थरथर, हात-पाय कुठे आहेत याची खबर," हात पुसत ते म्हणाले, "सगळं मणक्यातल्या मागच्या वाटेने मेंदूकडे जातं. तुमची ती वाट बिघडलीय. इंजेक्शनांनी सुधारेल. तोवर शिडी बंद."

"मग चढणार कोण? तुम्ही?"

चढली बायको. इतकी वर्षं खाली उभं राहून रंग कालवून देणारी, ती ब्रश घेऊन वर. आणि हा खाली शिडी धरून, मान वर, तोंड सुरू.

"अगं, रेघ आहे की गांडूळ?"

"गप्प बसा हो! शिडी डगमगतेय, नीट धरा!"

"डगमगेल कशी? दोन्ही हातांनी आवळून धरलीय! माझ्या धरण्यावरही शंका?"

तिने हळूच खाली वाकून पाहिलं.

त्याने खरंच आवळून धरला होता. शेजारच्या खिडकीचा गज.