धुतलेला स्वेटर

प्रॅक्टिकल आटोपून मौनी खोलीवर आला, तेव्हा त्याचा करडा स्वेटर खिडकीतल्या दोरीवर दोन्ही हात पसरून लटकत होता आणि बाह्यांमधून पाणी ठिबकत होते.

"कसा झालाय बघ," साबण्या म्हणाला.

वसतिगृहात येऊन दोन महिने झाले तरी 'हो', 'नाही' आणि 'चालेल' यांच्यापुढे गाडी जात नव्हती, म्हणून मजल्यावरच्या पोरांनी याला मौनी केले होते. खोलीतला दुसरा पेनाची टोपणेसुद्धा धुऊन वाळत घालायचा, म्हणून तो साबण्या. दोघेही पहिल्या वर्षाला, दोघेही रसायनशास्त्राला. एवढेच काय ते नाते.

"रोज उशाशी घेऊन झोपतोस. काय वास मारत होता रे तो. म्हटलं, इथं कोण आई बसलीय धुऊन द्यायला. दोन पाण्यांतून काढलाय."

मौनीने ओल्या स्वेटरमध्ये नाक खुपसले. लिंबू. काखेत, गळ्यापाशी, आतल्या शिवणीत, सगळीकडे साबणाचे लिंबू.

"बाबांचा होता," तो म्हणाला.

"मग काय, सुट्टीत परत दे त्यांना. चकाचक."

"ते उन्हाळ्यात गेले. त्यांचा वास होता तो."

मौनी एका दमात एवढे कधी बोलला नव्हता. साबण्या पलंगावर बसला आणि हातातला चिमटा उघडत-मिटत राहिला. दुसऱ्याचे भले करायला जाऊन घात करून बसलेला माणूस एकतर तोंड लपवतो, नाहीतर आणखी भले करायला निघतो. साबण्याला तोंड लपवता येत नव्हते.

"कसला वास होता, सांग. परत आणू. रसायनवाले आहोत आपण."

उद्देश: गेलेला वास परत आणणे.

साहित्य: इथेच घोडे अडले. मौनीला वास आठवत होता, पण तो सांगायचा कसा? "गॅरेजात होते ते," एवढे त्याला सुचले. म्हणून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून कागदात ग्रीस आणले. धुतलेल्या कपड्याला डाग लावायची साबण्यावर पहिलीच वेळ. त्याने डोळे मिटून बाहीला बोट पुसले.

"आला?"

"थोडा. गुडघ्यांना बाम असायचा."

बाम शेजारच्या खोलीतल्या लांब्याकडे होता. कशाला हवाय हे ऐकल्यावर तो डबीसकट येऊन बसला. मागून त्याचा जोडीदार जाड्या आला. मग दाराशी चपलांचा ढीग झाला. स्वेटर हातोहात फिरू लागला. जो तो हुंगायचा आणि आपण यातलेच असल्यासारखी मान हलवायचा.

"कांदा कमी पडतोय," लांब्या म्हणाला.

"याच्या बाबांना कांद्याचा वास होता, असं कोण म्हणालं?"

"सगळ्यांच्याच बाबांना असतो."

"माझ्या बाबांना तंबाखूचा आहे," जाड्या म्हणाला. "चोरून खातात. आईला माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही."

"तुझे बाबा इथं कशाला आणतोस?"

"नाही, आपलं सांगितलं."

स्वेटर पुन्हा एकदा सगळ्यांच्या हातून फिरला. आल्यापासून घरी जाऊन आलेला त्यांच्यात एकही नव्हता.

कृती: मेसमधून कांदा आणला. कोणीतरी खोकल्याचे औषध शिंपडले, का ते त्यालाही सांगता आले नाही. मग लांब्याचे म्हणणे पडले की घामाशिवाय बाप कसला. तेव्हा जाड्याला तो दमट स्वेटर चढवून जिन्याने वरखाली पळवले. जाड्या घामाने निथळत परतला. स्वेटर पोटावर कायमचा सैल झाला.

निरीक्षण: हे वॉर्डनने केले. रुमाल नाकाला लावून ते दारात उभे राहिले.

"काय मेलंय इथं?"

पोरे एकमेकांची तोंडे बघू लागली. शेवटी साबण्या पुढे झाला.

"याचे बाबा, सर."

वॉर्डनने पलंगाखाली नजर टाकली. "पालकांना मुक्कामाला परवानगी नाही."

मग सगळे एकदम सांगू लागले, म्हणून कुणाचेच कळेना. वॉर्डनने हात वर केला, जाड्याच्या अंगातला स्वेटर उतरवून घेतला आणि एकदाच हुंगला. आता हा कचऱ्यात जाणार, असे सर्वांना वाटले.

"उद्या खोली फिनेलने पुसा," ते म्हणाले. स्वेटर घडी करून मौनीच्या हातात दिला आणि निघून गेले.

निष्कर्ष: सगळे मौनीकडे पाहत होते. त्याने नाक खुपसले. ग्रीस वेगळे, बाम वेगळा, कांदा वेगळा, जाड्या वेगळा. सगळ्यांच्या तळाशी लिंबू. बाबा कुठेच नव्हते. त्याने वर पाहिले. साबण्याचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला होता आणि नखांत काळे ग्रीस होते.

"हाच," मौनी म्हणाला. "हाच होता."

"म्हटलं ना, कांदा," लांब्या म्हणाला.

पुढे त्या वासाशेजारी झोपायचे मौनीच्या नशिबी आले. साबण्या दुसऱ्या पलंगावरून समाधानाने पाहत असायचा आणि वास उतरला की आठवणीने कांदा चोळून द्यायचा.

सुट्टीत मौनी घरी गेला. आईने बॅग उपसली, स्वेटर नाकाशी नेला आणि झटकन दूर धरला.

"हा यांचा वास नाही."

"माहीत आहे."

"मग कुणाचा?"

मौनीने सांगितले. आधी तुटक, मग पोरांच्या नकला करत. ताटातले निवून गेले तरी तो बोलतच होता. गोष्टीत जाड्या जिन्यात आला तेव्हा आई हसली, आणि हसता हसता तिने पदर तोंडावर धरला. मग तिने स्वेटर परत जवळ ओढला आणि या खेपेला डोळे मिटून वास घेतला.

"बाम तेवढा बरोबर आहे," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिने तो खाली ठेवला नाही.